नवें घ्यावें कीं जुनें?

गेल्या ज्येष्ठांत पहिल्या पावसाबरोबर आमच्या पेणच्या घरांतील सीडी प्लेयर कायमचा मुका झाला. वीस वर्षें त्यानें इमानानें गाणें ऐकविलें. मग दोन महिने तो तबकडी पोटांत घेऊन नुसता गुरगुरत राही, आणि एके दिवशीं तेंही थांबलें. दुरुस्त करणाऱ्यानें झांकण उघडलें, आंतील हिरव्या पडलेल्या तारांकडे बोट दाखविलें व हात जोडले. ज्या प्रदेशांत वर्षाकाठीं शंभर इंचांवर पाऊस पडतो आणि खाडीचा खारा वारा बारमाही घरांत वावरतो, तेथें यंत्रानें वीस वर्षें काढलीं हेंच पुष्कळ. तक्रारीस जागा नव्हती. प्रश्न उभा राहिला तो पुढचा : दुसरा घ्यावयाचा तो कोरा नवा घ्यावा, कीं कोणीं तरी वापरलेला पण मूळचा उंची, असा घ्यावा?

हा काय निबंधाचा विषय, असें कोणी म्हणेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें. प्रश्न बाजारांतला, तो खिशाला विचारून सोडवावा आणि गाणें ऐकावयास बसावें. परंतु सोडवूं लागलों तों त्यांतून अशी एक गांठ निघाली कीं, ती अद्यापि आमच्यानें पुरती सुटलेली नाहीं. सबब ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभीं एका शंकेचें निरसन करून टाकूं. हातांतल्या मोबाईलवर हवें तें गाणें नाममात्र वर्गणींत मिळत असतां ही तबकड्यांची अडगळ कशाला, असें तरुण मंडळी विचारतात. आमच्या कपाटांत तीनशेंवर तबकड्या आहेत. त्यांत मल्लिकार्जुन मन्सूर आहेत, किशोरी आमोणकर आहेत, कुमार गंधर्व आहेत. त्या आमच्या आहेत. वर्गणीचें गाणें हें भाड्याच्या घरासारखें. भाडें थकलें कीं बिऱ्हाड हललें. ह्यापलीकडे त्या वादांत शिरण्याची आमची इच्छा नाहीं.

पर्याय दोन होते. एक मुंबईच्या दुकानांतला : बंद खोक्यांतला, दोन वर्षांच्या हमीचा, किंमत दीड लाखाच्या घरांत. दुसरा रोह्यास होता. तेथें धाटावच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांच्या एका कारखान्यांत नोकरी करून निवृत्त झालेले आमचे एक वडीलधारे स्नेही राहात असत. गाण्याचे मोठे शोकीन. १९८९ सालीं परदेशांतून परततांना त्यांनीं एक जपानी बनावटीचा प्लेयर आणला होता, आणि त्या काळीं त्याची गणना उत्तमांत होई. गेल्या वर्षीं ते निवर्तले. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतों, त्यांनीं निरोप पाठविला कीं, यंत्र पडून आहे, मुलाला नको आहे, सहा हजार द्या आणि घेऊन जा. भंगारवाला तर चारशें म्हणतो.

"जुनें तें सोनें" आणि "नव्याचे नऊ दिवस" ह्या दोन म्हणी आमच्या पूर्वजांनीं बहुधा एकाच तोंडानें उच्चारल्या असाव्यात. पण "नवी विटी नवें राज्य" हेंही त्यांचेंच. म्हणींनीं अशा प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. वस्तूच्या पोटांत शिरावें लागतें.

आमच्या आजोबांच्या पिढीपुढें हा प्रश्न ग्रामोफोनच्या रूपानें आला होता. हिंदुस्थानांत ग्रामोफोन कंपनीनें १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजानचा आवाज मुद्रित केला, तेव्हांपासून पुढें अर्धें शतक घरोघर जी तबकडी वाजली तिची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असे, आणि प्रत्येक बाजूला पोलादी सुई नवी लावावी असा दंडक होता. सुई तबकडीला घांसे आणि तबकडी सुईला. जितकें आवडतें गाणें तितकें तें लवकर झिजे. प्रेमानेंच त्याचा नाश होई. ही गोष्ट सर्वांच्या कानांसमोर घडे. जुनी तबकडी विकत घेणारा ती एकदां वाजवून पाही, खरखर ऐकी आणि त्याप्रमाणें आणे कमी करी. त्यांत फसवाफसवीला फारसा वाव नव्हता.

१९८२ च्या ऑक्टोबरांत जपानांत सोनी कंपनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेयर १,६८,००० येन किमतीस बाजारांत आला, आणि ही सारी व्यवस्था पालटली. आतां तबकडीला कोणी शिवतच नाहीं. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर प्रकाश तबकडीवरील सुमारें पांच किलोमीटर लांबीची नागमोडी वाट वाचीत जातो. वाटेच्या दोन वेढ्यांतील अंतर एका मिलिमीटरच्या सहाशेंव्या भागाहूनही किंचित् कमी. दर सेकंदास ४४,१०० वेळां आवाजाचें माप घेऊन तें आंकड्यांत नोंदविलेलें असतें. तेच आंकडे वाचून पुन्हां आवाज उभा करावयाचा. वाटेंत बारीकसा ओरखडा आला तरी रीड व सॉलोमन ह्या दोघां गणितज्ञांनीं १९६० सालीं मांडलेल्या युक्तीच्या आधारें गहाळ झालेले आंकडे हिशेबानें पुन्हां भरून काढतां येतात. ऐकणाराला कांहीं घडल्याचें कळतही नाहीं.

तबकडीची झीज अशी थांबली. पण झीज म्हणून जी आहे ती जगांतून गेली नाहीं. तबकडीला सोडून ती दिव्याकडे गेली. लेसरचा दिवा तासांमागून तास जळतांना क्षीण होत जातो, आणि यंत्रांतील योजना अशी कीं, तो क्षीण होऊं लागला कीं त्याला विजेचा प्रवाह थोडा अधिक पुरवावयाचा व उजेड तेवढाच ठेवावयाचा. एखाद्या घरचा कर्ता पुरुष घरांतल्यांना कळूं न देतां कर्ज काढून तोच थाट चालवितो, त्यांतलाच हा प्रकार. बाहेरून सर्व यथास्थित. गाणें पहिल्या दिवसाइतकें स्वच्छ. आणि एके सकाळीं दिवाळें. त्याखेरीज विद्युत्संचय करणाऱ्या कपॅसिटरांतील द्रव आटतो, खण उघडणारा रबरी पट्टा सैल पडतो, वंगण घट्ट होऊन बसतें. पण हीं दुखणीं औषधांचीं आहेत. दिव्याचें दुखणें तसें नव्हे. कांहीं लबाड विक्रेते विकण्यापूर्वीं आंतील एक बारीक मळसूत्र फिरवून मरूं घातलेल्या दिव्याचा प्रवाह आणखी वाढवून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकासमोर तो चार दिवस झळाळतो व नंतर दुप्पट वेगानें विझतो. जुन्या तबकडीची खरखर लपवितां येत नसे. ही लपवितां येते. आणि त्याहून वाईट हें कीं, विकणारा सज्जन असला तरी ती त्याच्यापासूनही लपून राहते.

जुनें होणें हें प्रत्येक वस्तूचें सारखें नसतें. मिरजेचा जुना तंबोरा गवयी लोक नव्याहून अधिक मोलाचा मानतात, ह्याचें कारण केवळ लांकूड मुरतें एवढेंच नव्हे. त्याचें जें झिजतें, म्हणजे तारा आणि घोडीवरची जवारी, तें नवें करून देणारा कारागीर मिरजेस बसलेला आहे. भोपळा तडकला तर सांधणारा आहे. तंबोऱ्याला मरण नाहीं असें नाहीं, पण त्याच्या मरणाआड एक माणूस उभा आहे. सीडी प्लेयरचा दिवा करणारा कारखाना त्या साच्याचें काम बंद करून मोकळा झाला, कीं त्याच्या मागें कोणी उभा राहात नाहीं.

आमचें पेण गांव तर ह्या बाबतींत दुसऱ्याच टोकाचें. येथील आणि आसपासच्या हमरापूर, जोहें वगैरे गांवचे गणपतीचे कारखाने ज्या वस्तूवर जगतात ती वस्तू दर वर्षीं नवी असलीच पाहिजे. दीड दिवसाची असो वा दहा दिवसांची असो, वापरलेली मूर्ति पाण्यांतच जावयाची. ती विकावी असें स्वप्नांतही कोणास येणार नाहीं. पण कारखान्यांत आंत जाऊन पाहिलें तर साचा मात्र जुना असतो, आणि डोळ्यांची आखणी करणारा हात सर्वांत जुना. तेव्हां केवळ नव्यावर जगणारें असें कांहीं आमच्या गांवांतही नाहीं. असो, हें थोडें विषयांतर झालें.

आम्ही एका शनिवारीं सकाळच्या गाडीनें निघालों व कासू, नागोठणें करीत रोह्यास उतरलों. कुंडलिका दुथडी भरून चालली होती. वहिनींनीं चहा केला, आणि आम्हीं त्यांच्या परवानगीनें यंत्राचें झांकण उघडून पाहिलें. आंत फिलिप्सची सीडीएम-१ ही यंत्रणा होती : ओतीव धातूचा हात, त्याच्या टोकाला खऱ्या कांचेचें भिंग. पुढें स्वस्ताईच्या ओघांत प्लॅस्टिकनें ह्या दोहोंची जागा घेतली. आंकड्यांचा पुन्हां आवाज करणारी चिप टीडीए-१५४१ ह्या जातीची होती. ज्यांना ह्या दोन नांवांचा अर्थ कळतो त्यांच्या छातींत तीं पाहतांच थोडी धडधड होते. आमच्याही झाली. अशा यंत्रास जाणत्या गिऱ्हाइकांत सत्तर-ऐंशी हजारांपर्यंत किंमत येते हें आम्हांस ठाऊक होतें. वहिनींना ठाऊक नव्हतें. आम्हीं झांकण लावलें, "विचार करून कळवितों" म्हणालों, आणि दुपारच्या गाडीनें परत आलों.

नव्याजुन्याचा प्रश्न येथें संपला आणि दुसरा सुरू झाला, असें वाचकांस वाटेल. आमच्या मतें तोच प्रश्न येथें आपल्या खऱ्या रूपानें प्रगट झाला. कसें तें सांगतों.

नव्या यंत्राचे दीड लाख आपण कशासाठीं देतों? आवाजासाठीं म्हणावें, तर आमचा कानांवर तेवढा विश्वास नाहीं. २००७ सालीं मायर व मोरन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं सीडीहून वरच्या प्रतीचें म्हणून गणलेलें ध्वनिमुद्रण, आणि तेंच सीडीच्या मापांतून गाळलेलें, असें दोन्ही श्रोत्यांना कोणतें कोणतें हें न सांगतां ऐकविलें. ५५४ वेळां ओळखण्याचा प्रयत्न झाला, त्यांत २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडवून ह्याहून फारसें वेगळें उत्तर आलें नसतें. बरीं बनविलेलीं दोन यंत्रें समोर ठेवलीं तर पडद्याआडून त्यांतील नवें कोणतें व जुनें कोणतें हें आम्ही तरी छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं. जो सांगेल त्याला आमचा नमस्कार. टिकाऊपणासाठीं म्हणावें, तर दोन वर्षांची हमी संपल्यावर तिसऱ्या वर्षीं तेंही यंत्र जुनेंच आहे, आणि त्याचा दिवाही आमच्या खारट हवेंतच जळावयाचा आहे.

विचार करतां असें दिसलें कीं, ह्या रकमेचा मोठा भाग आपण एका सुटकेसाठीं मोजतों. दुकानदाराला आम्हांविषयीं आणि आम्हांस दुकानदाराविषयीं कांहीं एक वाटण्याची गरज उरत नाहीं. हमीचा कागद त्या वाटण्याची जागा घेतो. यंत्र बिघडलें तर खोकें परत जातें. त्याला ठाऊक असलेलें आम्हांस ठाऊक नाहीं, ह्याची भरपाई किमतींत अगोदरच झालेली असते. जुन्या वस्तूची किंमत कमी असते ती केवळ वस्तु झिजली म्हणून नव्हे. ही सुटका तिच्याबरोबर मिळत नाहीं, म्हणूनही. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ ह्यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन दाखविलें कीं, विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीं अशी स्थिति असली म्हणजे घेणारा सर्वच मालाला हलका भाव देतो, त्या भावांत चांगला माल विकणें परवडत नाहीं, आणि बाजारांत अखेर वाईटच माल उरतो. पुढें २००१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत ह्या विवेचनाचा वाटा होता. आमच्या प्रकरणांत हें अज्ञान उलट्या बाजूला होतें. माहिती घेणाऱ्याजवळ होती. विकणारी आंधळी होती.

पेणच्या न्यायालयांत काम करणारे आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांना विचारलें. ते हंसून म्हणाले, "अहो, तुम्ही कांहीं खोटें बोललांत का? नाहीं ना? मग गप्प बसणें म्हणजे कपट नव्हे. १८७२ चा करारविषयक कायदा, कलम सतरा." आम्हीं तें कलम काढून पाहिलें. वकीलसाहेबांचें म्हणणें बरोबर होतें, पण पुरतें नव्हतें. केवळ मौन हें कपट नव्हे, असें सांगून कलम पुढें म्हणतें कीं, परिस्थितीच अशी असेल कीं बोलणें हें कर्तव्य ठरावें, तर गोष्ट वेगळी. आणि खालीं उदाहरणें देतें. लिलांवांत घोडा विकणारा घोड्याची खोड सांगावयास बांधलेला नाहीं. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर बांधलेला आहे. दोघे व्यापारी सौदा करीत असतील आणि एकास भावांतील फरकाची खासगी बातमी लागली असेल, तर ती दुसऱ्यास सांगणें त्याच्यावर बंधनकारक नाहीं.

दीडशें वर्षांपूर्वींच्या ह्या तीन उदाहरणांत आम्हांस सारें जग दिसलें. एका टोकाला परका, दुसऱ्या टोकाला पोटची मुलगी. पण पेण आणि रोहा हीं गांवें ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी वसलेलीं आहेत. वहिनी आमच्या नात्याच्या नव्हेत. पण त्यांचे यजमान आजारी असतां आम्ही त्यांच्या उशाशीं बसलों होतों, आणि ह्याच यंत्रावर त्यांनीं आम्हांस कित्येकदां मन्सूर ऐकविले होते. कायद्याच्या उदाहरणांत अशा माणसाला जागा नाहीं. ती ज्याची त्यानें शोधावयाची.

प्राचीनांनीं ह्याचा विचार केलेला आहे. रोमचा सिसेरो ह्यानें कर्तव्यावरील आपल्या ग्रंथांत क्विंटस स्केव्होला ह्या गृहस्थाची गोष्ट दिली आहे. एक जमीन विकत घेतांना त्यानें विकणाऱ्यास शेवटची किंमत विचारली. विकणाऱ्यानें ती सांगितली. तेव्हां स्केव्होला म्हणाला कीं, माझ्या मतें जमीन ह्याहून अधिक मोलाची आहे, आणि त्यानें एक लाख नाणीं वर मोजलीं. सिसेरोची पुढची टीप मोठी मार्मिक आहे. हें सज्जनाचें कृत्य होय असें सर्वच म्हणतात, पण शहाण्याचें होय असें म्हणावयास कोणी तयार नाहीं. ख्रिस्ती संत ऑगस्टीन ह्यानेंही अशाच एका माणसाचा उल्लेख केला आहे : कोणी एक हस्तलिखित पुस्तक विकावयास आणलें, त्याचें मोल त्या विक्रेत्यास कळत नव्हतें, आणि घेणाऱ्यानें आपण होऊन त्याला रास्त किंमत दिली. आमच्याकडे मनूनें खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झालेल्यास दहा दिवसांची मुदत ठेवली, आणि याज्ञवल्क्यानें तर प्रत्येक मालाच्या परीक्षेस वेगळी मुदत नेमून दिली : बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. कोणत्या वस्तूचा दोष किती दिवसांत उघडा पडतो, ह्याचें त्यांत किती बारीक निरीक्षण आहे! लेसरचा दिवा त्यांना ठाऊक असता तर त्यास त्यांनीं किती मुदत दिली असती कोण जाणे.

पण आमच्या मनानें एवढ्यानें हार मानली नाहीं, आणि तें जें जें बोललें तें येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. तें म्हणालें, तुझें ज्ञान तूं कष्टानें मिळविलेंस; त्याचें फळ घेण्यांत गैर काय? मुंबईच्या पदपथावर रद्दीवाल्याकडून दुर्मिळ पुस्तक वीस रुपयांस उचललेंस, तेव्हां त्याला खरी किंमत सांगावयास गेला होतास काय? गेलों नव्हतों, आणि त्याबद्दल आम्हांस आजही लाज वाटत नाहीं. रद्दीवाल्याचा तो धंदा आहे. एका पुस्तकांत तो आमच्याकडून गमावतो आणि दहांत आमच्यासारख्यांच्याच हौसेवर कमावतो. वहिनींना आयुष्यांत एकच यंत्र विकावयाचें होतें. राहिलें कष्टाचें ज्ञान. ज्या ज्ञानानें आम्ही भिंग पुसूं, वंगण बदलूं, यंत्र सुधारूं, त्यानें वस्तूची किंमत वाढते, आणि ती वाढ आमची म्हणावयास हरकत नाहीं. ज्या ज्ञानानें आम्ही फक्त गप्प बसूं, त्यानें कांहींच वाढत नाहीं. ऐंशी हजारांची वस्तु एका घरांतून निघून दुसऱ्या घरांत जाते, इतकेंच.

तरीही मुख्य भीति निराळीच होती, आणि ती पैशांची नव्हती. खरें सांगितलें तर वहिनी यंत्र मुंबईच्या कोणा श्रीमंत शोकिनास विकतील आणि तें आपल्याला मिळणारच नाहीं, ही ती भीति. सहाच्या जागीं साठ हजार द्यावयास आमची तयारी झाली होती; पण वस्तु हातची घालवावयास नव्हती. आठ दिवस आम्ही कांहीं कळविलें नाहीं.

नवव्या दिवशीं रोह्यास जाऊन सर्व सांगितलें. वहिनी ऐकून घेत होत्या. त्यांना आनंद होईल अशी आमची समजूत होती. त्या म्हणाल्या, "मग आतां मी काय करूं, भावजी?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं पुण्यास मुलाला विचारलें. मुलानें इंटरनेटवर पाहून ऐंशी हजारांहून कमी घेऊं नकोस असें बजावलें. घरांत दोन दिवस ह्यावरून बोलाचाली झाली. आम्ही पुन्हां गेलों तेव्हां त्या म्हणाल्या, "परवां रात्रभर झोंप नाहीं. सहा हजारांत दिलें असतें तर लागली असती."

ह्या वाक्याचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. स्केव्होलाची गोष्ट सांगतांना सिसेरोनें विकणाऱ्याच्या झोंपेबद्दल कांहीं लिहिलेलें नाहीं. सत्य सांगून आम्ही मोकळे झालों, पण ओझें नाहींसें झालें नव्हतें. तें आमच्या डोक्यावरून त्यांच्या डोक्यावर गेलें होतें, आणि त्यांना तें उचलण्याची संवय नव्हती. तेव्हां सांगणें हें काम अर्धेंच होतें. आम्हीं यंत्र आमच्या खर्चानें पनवेलच्या एका कारागिराकडे नेलें. त्यानें भिंग पुसलें, चार कपॅसिटर बदलले, वंगण नवें घातलें, आणि दिव्याचा प्रवाह मोजून सांगितलें कीं, दुरुस्तीच्या पुस्तकांतील आंकड्याहून तो थोडा वर आहे. दोन वर्षें जाईल, पांच जाईल, नक्की सांगतां येत नाहीं. हा आंकडा आम्हीं वहिनींना व त्यांच्या मुलालाही कळविला. त्यानें ऐंशीचा हट्ट सोडला. शेवटीं चाळीस हजार ठरले : वीस तेव्हांच द्यावयाचे, आणि वीस दसऱ्यास, धावीर महाराजांची पालखी पाहावयास आम्ही रोह्यास जाऊं त्या वेळीं. दरम्यान दिव्यानें दगा दिला तर उरलेले वीस द्यावयाचे नाहींत. याज्ञवल्क्याच्या यादींत आम्हीं आमच्यापुरती ही एक भर घातली.

आमच्या सौभाग्यवतींना हा सर्व व्यवहार पसंत पडला, एक गोष्ट सोडून. "सांगितलेंत तें चांगलें केलेंत," त्या म्हणाल्या, "पण पहिल्या दिवशीं त्यांच्याच घरचा चहा पिऊन, झांकण लावून, गप्प बसून आलांत, तें कशाला?" ह्यावर आमच्याजवळ उत्तर नाहीं.

नवा प्लेयर घेतला असता तर ह्यांतलें कांहींही घडलें नसतें. दीड लाख मोजले असते आणि खोकें घरीं आलें असतें. ज्यांना वेळ थोडा आहे, अथवा ज्यांच्या ओळखींत अशा वहिनी नाहींत, त्यांनीं नवाच घ्यावा असें आमचें प्रांजळ मत आहे; आणि तो घेतांना हमीच्या कागदाला हंसूं नये.

यंत्र श्रावणापासून आमच्या माजघरांत आहे. आवाज उत्तम आहे. निदान आम्हांस तसा वाटतो. परंतु गेल्या आठवड्यांत मन्सूरांची एक लांब तबकडी साठाव्या मिनिटानंतर अडखळली. सीडी आंतून बाहेर वाचली जाते, त्यामुळें शेवटचा भाग कडेला येतो, आणि थकलेला दिवा कडेलाच प्रथम चुकण्याचा संभव असतो. तबकडी जुनी आहे, तिच्यावर ओरखडेही आहेत. दोष तिचाही असूं शकेल. दुसरी लांब तबकडी लावून पाहिली, ती सुरळीत वाजली. मन्सूरांची पुन्हां लावली, पुन्हां तेथेंच अडखळली, पण तिसऱ्यांदा अडखळली नाहीं. वहिनींना आम्हीं अद्याप कांहीं कळविलेलें नाहीं. दिवा चुकतो आहे असें आम्हीं म्हटलें तर त्या तत्काळ खरें मानतील आणि वीस हजार सोडून देतील, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे.

आज सर्वपित्री अमावास्या. दसऱ्यास दहा दिवस आहेत. वीस हजार पाकिटांत घालून कपाटांत ठेवले आहेत. शेजाऱ्यांकडून सत्तर मिनिटांची एक कोरी तबकडी मागून आणली आहे, ती आज रात्रीं लावून पाहणार आहों.